आधी पेडल, मग इंजिन

बोईसरच्या भंगार गल्लीत शिरले की दत्तूकाका आधी डाव्या पायातली चप्पल काढतात. उजवी तशीच राहते. मग पुढून चेपलेली किंवा दारं उडालेली जी पहिली गाडी दिसेल, तिच्यात जाऊन बसतात, डोळे मिटतात आणि उघड्या पायाने क्लच दाबतात. थोडा वेळ धरून ठेवतात. हळूच सोडतात. असं चार-पाच वेळा केलं की 'नाही' अशी मान हलवून उतरतात आणि पुढच्या गाडीत जाऊन बसतात. मी त्यांची चप्पल पिशवीत घेऊन मागे मागे जाते.

"चाचा, इंजन लेने आये हो या पैर दबवाने?" भंगारवाल्याने एकदा विचारलं.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "तुम चुप बैठो. मेरेको सुनने दो."

पायाने काय ऐकतात, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

दत्तूकाका माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. आमच्या दोन घरांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण, तेही कोंबड्यांनी उकरून अर्धं केलेलं. बोईसरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. निवृत्त झाले, पण पाना हातातून सुटला नाही. पुतणीच्या लग्नात वरात दारात उभी होती आणि काका हॉलच्या दाराच्या बिजागरीला तेल देत होते. का, तर दार कुरकुरतंय. वऱ्हाड पाच मिनिटं उन्हात थांबलं. दार मात्र असं झालं की नवरदेवाच्या मागे आपोआप लोटलं गेलं आणि करवल्या बाहेरच राहिल्या.

काम पुरं झालं की काका त्या नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका देतात. ठिपका दिला की त्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांच्या घरात पंख्याला ठिपका आहे, पाण्याच्या मोटरला आहे, काकूंच्या शिलाई मशीनला तर तीन आहेत. "मलाच तेवढा लावायचा राहिलाय," काकू म्हणतात.

त्यांचं एक वाक्य आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे. "वापरलेलं लोखंड गंजत नाय." पत्ते कुटत बसलेल्या निवृत्त माणसांना ते हेच ऐकवतात, बंद पडलेल्या हापशाकडे बघून हेच म्हणतात. मी चारचौघांत बोलत नाही, तर मला म्हणतात, "सूनबाई, तोंडाला गंज चढेल हां." मला ते सोबत नेतात, कारण त्यांना जवळचं बारीक दिसत नाही आणि चष्मा घरी राहतो. माझे डोळे चांगले आहेत. शिवाय सोबतचं माणूस बोलकं असलं की दुकानदार भाव चढवतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता कुसुमकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू एके काळी टेम्पो चालवायच्या. वाडीतली ढोबळी मिरची भरून पहाटे वाणगाव स्टेशनला न्यायच्या, आणि पुरुषांचे टेम्पो मागे टाकून न्यायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, बोलणं सुधारलं. पाय सुधारला म्हणावा तर काकू तो ओढत चालायच्या. उंबऱ्याशी थांबायच्या आणि पाय हाताने उचलून पलीकडे ठेवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायात जोर आहे, पण त्या वापरत नाहीत. अजून वर्षभर असाच ठेवला तर मग कायमचा तसाच राहील. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. चेंडू पायाखाली दाबा, रबर ओढा. काकूंनी चौथ्या दिवशी चेंडू कोंबड्यांत फेकला. "बालवाडीत घातलंय काय मला?" म्हणाल्या. मुलगी परत आली नाही.

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. त्याने आपली जुनी गाडी आईला दिली. ती ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर बदलायचा नाही, सगळं उजव्या पायाने. डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं. काकू त्यावर खूश होत्या, बाजाराला जायच्या. डावा पाय मात्र पाहुण्यासारखा बाजूला बसून राहायचा. काका ते बघायचे.

मग एक दिवस ती गाडी तारापूर रस्त्यावर बंद पडली. गिअरबॉक्स गेला आणि तापून इंजिनही गेलं. गॅरेजवाला म्हणाला, भंगारात द्या. नितीन फोनवर म्हणाला, "बाबा, गणपतीला येतो तेव्हा विकून टाकू. मी दुसरी ऑटोमॅटिक बघतो."

"दुसरी नको," काका म्हणाले. "हीच चालवतो. इंजिन दुसरं बसवतो, आणि गिअरबॉक्स हाताचा."

"घरी?"

"मग काय देवळात?"

नितीनने गणपतीपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत चालली नाही तर भंगार, आणि मग दुसरी ऑटोमॅटिक.

काकांनी आधी इंजिन बदलायच्या आरटीओ परवानगीचे कागद केले, कारण "कागद आधी, लोखंड नंतर." मग लोखंड आणायला निघाले. कोणीही माणूस पहिलं काय आणेल? इंजिन. काकांनी पहिलं क्लचचं पेडल आणलं. नुसतं पेडल, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यासाठी आम्ही तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि काकांनी अकरा गाड्यांत बसून क्लच दाबून बघितला होता.

काकूंनी कागद उलगडला. "घर बांधायच्या आधी पायपुसणं आणलं," त्या मला म्हणाल्या.

"आधी पेडल, मग इंजिन," काका म्हणाले. "बाकी सगळं त्याच्या मागून येतं."

पेडलबरोबर तीन स्प्रिंगा आणल्या होत्या. पेडल दाबल्यावर परत वर आणणारी स्प्रिंग असते, ती. एक बारीक, एक मध्यम, एक जाड. तीन कशाला, गाडीला तर एकच लागते, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. काकांनी मला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. मी १, २, ३ लिहून दोऱ्याने बांधल्या आणि पडवीच्या फळीवर ठेवल्या.

इंजिनाच्या वेळी भंगारवाल्याशी जुंपली. त्याने एक इंजिन धुऊनपुसून, वर चंदेरी रंग मारून ठेवलं होतं. काका म्हणाले, "पावडर लावलेली नवरी मला नको." त्यांनी कोपऱ्यातलं एक काळंमिट्ट इंजिन पसंत केलं. तेलाच्या तोंडात बोट घातलं, रुमालाला पुसलं, वास घेतला आणि रुमाल माझ्यापुढे धरला. "बघ, लोखंडाचे कण दिसतात?" मी उजेडात धरून बघितलं. नव्हते. रुमालावर काकूंचं भरतकाम होतं, तेवढं मात्र दिसलं.

"ठीक है, इंजन ये लो," भंगारवाला म्हणाला. "गेर उस दूसरी गाडी का देता हूँ, एकदम कडक."

"नाय. इसकाच गेर."

"चाचा, दोनों सेम है."

"सेम नाय. ये दोनो एक घर में रहे है. एकमेकांची खोड माहीत हाय त्यांना." एवढं मराठीत बोलून काका त्या इंजिनावरच बसून राहिले. दुपारचे दोन वाजले तरी उठेनात. शेवटी भंगारवाल्याने त्याच गाडीचा गिअरबॉक्स ढिगाखालून ओढून काढला आणि वर आम्हाला चहा पाजला.

क्लचप्लेट मात्र नवी घ्यायची होती. तिच्या मध्ये भोक असतं आणि भोकाला आतून दाते असतात. गिअरबॉक्सच्या दांडीलाही दाते असतात. दोन्ही सारखे असले तरच एकात एक बसतं. काकांनी प्लेट आणली, दांडीवर लावली, जाईना. फिरवली, घासली, शिव्या घातल्या.

"काका, मोजू का?" मी विचारलं.

गोल वस्तूचे दाते मोजताना सुरुवात कुठे केली ते हरवतं. म्हणून मी काकूंच्या डबीतलं कुंकू घेतलं, पहिल्या दात्याला लावलं आणि तिथून मोजलं. दांडीला वीस. प्लेटला अठरा.

काकू पायरीवर बसून बघत होत्या. "कुंकू लावलंस, आता ओटीपण भर त्याची," म्हणाल्या.

त्या दिवशी इंजिन चेनपुलीला लटकत होतं, त्यामुळे काकांना जागा सोडता येईना. "सूनबाई, प्लेट बदलून आणायला तू जा," ते म्हणाले. बोईसरला मी एकटी गेले असेन, पण भाजीला आणि दवाखान्यात. गाडीच्या पार्टच्या दुकानात बाईमाणूस मी कधी पाहिलं नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "मोजणारी तू हायस. मी जाऊन काय सांगू?"

दुकानात चार पुरुष उभे होते. दुकानदार मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "भाभी, इस गाडी में यही लगता है. मिस्त्री को बोलो ठीक से बिठाये."

मी पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी सोडली. काउंटरवर प्लेट ठेवली, एका दात्याला कुंकवाचं बोट लावलं आणि मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. माझा आवाज मलाच परका वाटत होता. दहापर्यंत दुकानदाराने मोबाईल खाली ठेवला. अठरावर मी थांबले. "मला वीस पाहिजेत," म्हटलं.

दुकानदाराने आतून तीन खोकी आणली. मी तिन्ही मोजली. तिसऱ्यात वीस होते. निघताना तो म्हणाला, "भाभी, ये टीका पोंछ के तो जाओ." मी नाही पुसलं.

घरी आले तेव्हा काका गाडीखाली होते. "वीस?" त्यांनी विचारलं.

"वीस."

"मग दे इकडे."

गणपतीच्या दहा दिवस आधी गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग एवढा धूर केला की काकूंनी वाळत घातलेली लुगडी काढायला लावली. मग आवाज एकसारखा झाला, आणि काका बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते उभे राहिले.

"झालं ना तुमचं?" काकू म्हणाल्या.

"नाय. क्लचचं सेटिंग बाकी हाय. मी खाली झोपतो. वरून कोणीतरी पेडल दाबायला पाहिजे. सूनबाईचा पाय पोचत नाय. तू बस."

"मी?"

"उजवा ब्रेकवर ठेव. डाव्याने दाब."

काकू कुरकुरत बसल्या. मी त्यांचा डावा पाय उचलून पेडलवर ठेवला. गाडीखालून काकांचा आवाज आला, "दाब. सोड. दाब." पहिल्या दिवशी काकूंचा पाय आठ-दहा वेळात थरथरायला लागला. "उद्या करू," खालून आवाज आला. "लोखंडाला सवय लागू दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी कुंपणापलीकडून ऐकू यायचं, "दाब. सोड." काकू चिडायच्या. "एवढं कसलं सेटिंग? विमान आहे का?"

"भारी बारीक काम असतं ते. धर. धरून ठेव. आता सोड."

गणपतीला नितीन आला. काकांनी इंजिन सुरू करून दाखवलं. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. त्याने आईला चालवायला सांगितलं, तर काका म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय फाटक उघडणार नाय. आणि सेटिंग बाकी हाय."

नितीन गेला. सेटिंग चालूच राहिलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेले. काकू वर बसून पेडल दाबत होत्या आणि काका खाली गोणपाटावर. मी कप द्यायला वाकले. काकांच्या हातात पाना नव्हता. दोन्ही हात छातीवर ठेवून, डोळे मिटून ते पडले होते आणि म्हणत होते, "दाब. सोड." त्यांच्या डोक्यावर क्लचच्या केबलचा नट होता. त्यावर पिवळा ठिपका होता. सुकून, धूळ बसून जुना झालेला.

त्यांनी डोळे उघडले आणि मला बघितलं. एक बोट ओठांवर ठेवलं.

मी पडवीत आले आणि फळीकडे बघितलं. १ लिहिलेली बारीक स्प्रिंग तिथे परत आली होती. २ नंबरची जागा रिकामी होती. मग मला ते अकरा गाड्यांतून डोळे मिटून पाय दाबणं आठवलं. आपल्या निरोगी पायाने ते काकूंचा पाय अजमावत होते.

दोन दिवसांनी काका तेल आणायला बाजारात गेले. मी काकूंच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. काकू आतून पडवीत आल्या. उंबरा ओलांडताना त्यांनी हात लावला नाही. पाय आपला आपण वर आला आणि पलीकडे गेला. मी सुपात बघत राहिले.

"रविवारी स्प्रिंग बदलली यांनी," काकू म्हणाल्या. "मला काय कळत नाही का? वीस वर्षं टेम्पो चालवलाय मी. पेडल एका रात्रीत जड होतं होय?"

मी सूप खाली ठेवलं.

"यांना सांगू नकोस. खाली झोपून बरं वाटतं त्यांना." त्या फळीपाशी जाऊन थांबल्या. "तिसरी कुठली गं?"

मी ३ नंबरची चिठ्ठी बांधलेली जाड स्प्रिंग काढून दिली. काकूंनी ती जमिनीवर उभी ठेवली. एका हाताने खांब धरला. मग डाव्या पायातली चप्पल काढली, उघडं पाऊल स्प्रिंगवर ठेवलं, आणि डोळे मिटून दाबलं. अर्धी गेली. तिथे थोडा वेळ धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून महिना लागेल." आणि पुन्हा दाबली.