एका क्लिकचं काम

"प्रोजेक्ट क्लोज करायला काय डोंगर उचलायचाय? एका क्लिकचं काम!" असं सुयोग सकाळपासून ऑफिसात भेटेल त्याला ऐकवत होता. आवेश असा, की जणू ऑफिसच्या कामांची नोंद ठेवणारं ते सॉफ्टवेअर त्यानेच जन्माला घातलंय!

घाईला कारण होतं. त्याच्या राजापूरजवळच्या गावात शिमगा सुरू झाला होता आणि देवाची पालखी त्यांच्या दारात येणार होती. गेल्या वर्षी कामापायी त्याचं जाणं हुकलं, तेव्हा आईने महिनाभर अबोला धरला होता. यंदा पुन्हा तेच झालं तर तिला तोंड दाखवायची सोय नव्हती. पण बळवंतसाहेबांनी बजावलं होतं, "सांताक्रूझच्या दातांच्या दवाखान्याचा प्रोजेक्ट नीट क्लोज कर. मगच रजा."

अंधेरीतलं त्यांचं ऑफिस दवाखाने सजवून द्यायचं. साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलं ते फुकटातलं. त्यात एका वेळी एकच प्रोजेक्ट उघडा ठेवता यायचा. त्यामुळे दवाखान्याच्या प्रोजेक्टमध्ये दवाखाना होताच, शिवाय ऑफिसचा चहा होता, साहेबांच्या गाडीची सर्व्हिसिंग होती, आणि कुणाच्या तरी गॅसचं बुकिंगही होतं. लग्नघरातल्या कोठीच्या खोलीसारखी अवस्था!

"एकेक काम उघडून बघ रे," शेजारच्या टेबलावरून दीप्ती म्हणाली. ऑफिसची हजेरी, हिशेब, सगळं तीच बघायची. "झालं असेल तेवढंच पूर्ण कर. राहिलेलं बाजूला काढ."

"यार दीप्ती, तू ना फार घाबरतेस!"

सुयोगने सगळी कामं एकदम निवडली, 'पूर्ण' दाबलं, 'क्लोज' दाबलं आणि खुर्चीत रेलून बसला. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. झकास!

पहिला फोन दवाखान्याच्या डॉक्टर चेतनांचा आला. प्रोजेक्टमध्ये त्यांचंही नाव असल्यामुळे प्रत्येक 'पूर्ण'चा निरोप त्यांच्याही मोबाइलवर थडकला होता.

"एसीची गळती दुरुस्त झाली म्हणे?"

"हो मॅडम!"

"मग माझ्या पेशंटच्या कपाळावर काय अभिषेक चाललाय?"

सुयोगने तिथल्या तिथे माणूस पाठवतो म्हणून कबूल केलं आणि फोन ठेवला. एवढ्यात गाडीचा ड्रायव्हर नंदू शीळ घालत आत आला.

"तू इथे कसा?" दीप्तीने विचारलं. "साहेबांच्या सासूबाईंना आणायला विमानतळावर गेला होतास ना?"

"निघालेलो. वाटेत मेसेज आला, 'सासूबाईंना आणणे, पूर्ण'. म्हटलं, कोणीतरी आणलं. आलो माघारी, वडापाव खाल्ला."

तेवढ्यात केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले, चेहऱ्यावर समाधान. "'पूर्ण'चा मेसेज बघितला. घरी कळवलं बरं का, सासूबाई पोहोचतायत म्हणून. कोण गेलं होतं? शाब्बास!"

वाट लागली! सुयोग जो पळाला, तो रिक्षातच जाऊन पडला.

विमानतळाबाहेर साहेबांच्या सासूबाई, अंजनाबाई, ओल्या काजूंची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सावंतवाडीची बाई, गोव्याच्या विमानाने आलेली. फोनची बॅटरी संपलेली, तोंडाची मात्र भरलेली.

"तुमी लोकांनी माका कवाधरना हय बाकड्यार बसवन ठेवलास! मी काय पार्सल आसंय?"

सुयोगने थेट पाय धरले. रिक्षात बसल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. क्लिक, शिमगा, पालखी, आईचा अबोला, सगळं. आईचं ऐकून अंजनाबाईंचा राग विरघळला. त्यांनी त्याच्या हातावर मूठभर काजू ठेवले आणि रिक्षा घराऐवजी ऑफिसकडे वळवायला लावली.

"जावयबापू," आत शिरताच त्यांचा आवाज चढला, "देवाची पालखी दारात येतली आणि ह्या पोराक रजा नाय? देवाक काय सांगतलास?"

सासूबाई बाकड्यावर बसून आल्यायत हे कळल्यावर साहेब एकदम नरमले. "नाही नाही, दिली की रजा! सुयोग, आजच नीघ. दीप्ती, चढव त्याची रजा."

सुयोगला मनातल्या मनात ढोल ऐकू यायला लागले. दीप्ती मात्र पडद्यावर पुन्हा पुन्हा काहीतरी शोधत होती.

"काय झालं गं?" साहेबांनी विचारलं.

"सर, याची रजा मी गेल्या आठवड्यातच टाकून ठेवली होती. प्रोजेक्टमध्येच. एकच तर उघडा होता."

"मग?"

"याने सकाळी ती पण 'पूर्ण' केली. म्हणजे रजा घेऊन झाली. शिल्लक काही नाही."

"अगं, मग उघड ना तो प्रोजेक्ट परत!" सुयोग ओरडला.

"फुकटातलं आहे रे. एकदा क्लोज झालं की उघडत नाही."

साहेबांनी चष्मा लावून पडद्याकडे नीट पाहिलं, मग सुयोगकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"जाऊनसुद्धा आलास? मग प्रसाद कुठाय?"