अण्णांचं व्हँकुव्हरशी भांडण

जयपाल अण्णा व्हँकुव्हरला जाऊन आले ते त्या शहराशी कायमचं भांडण काढूनच. बांधाला बांध लागलेल्या भावकीबद्दल माणूस बोलतो ना, तसे ते त्या शहराबद्दल बोलतात. इस्लामपूरजवळ आमचं गाव. अण्णांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळे हे भांडण मला रोज संध्याकाळी ऐकावं लागतं.

लेकीला बाळ झालं म्हणून ते गेले होते. परत आल्यावर गाव हौसेनं सोप्यात जमलं, तर अण्णांनी तक्क्याला टेकत पहिलंच वाक्य टाकलं, "त्यात बघण्यासारखं काय न्हाई."

समुद्राचं विचारलं तर म्हणाले, "पुराच्या साली कृष्णामाई दारात येती. तिकीट बी लागत न्हाई." बंदराचं विचारणाऱ्याला त्यांनी कुपवाडच्या कारखान्यांत जाऊन तसल्याच क्रेन बघून यायला सांगितलं. काचेच्या उंच इमारतींत कबुतरानं बसायचं कुठं, ही त्यांची खरी चिंता. तिथल्या गाड्यांवर तर फारच राग. अण्णांनी रस्त्यात पाय टाकला की गाडी थांबायची. अण्णा घाबरून मागं व्हायचे आणि हातानं 'तुमी व्हा म्होरं' म्हणायचे. गाडी हलायची नाही, अण्णाही हलायचे नाहीत. शेवटी जावई येऊन त्यांना पलीकडे न्यायचा. एकालाही गाडी चालवता येत नाही, असा निकाल त्यांनी दिला.

सूर्यही सुटला नाही. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. उन्हाळ्यात तिथं रात्री नऊपर्यंत ऊन. अण्णा सवयीनं सहाला जेवायचे, साडेआठला पुन्हा भूक लागायची, खिडकीतून बघावं तर सूर्य आपला आहे तिथंच. मग नेम न मोडता दुसरं जेवण. पोट सुटलं, त्याचं खापरही त्यांनी व्हँकुव्हरवरच फोडलं. याला म्हणतात खाल्ल्या घरचे वासे मोजणं.

अण्णांच्या पत्नी सुशीलाकाकू हे सगळं ज्वारी निवडत ऐकतात. तिकीट त्यांचंही होतं. निघायच्या आधी डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. अण्णाही राहतो म्हणाले, पण नातीला आपल्यातलं कुणीतरी बघायला हवं, असं म्हणून काकूंनीच त्यांना बळं पाठवलं.

मध्यंतरी माझ्या नेहाला तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. एकुलती एक पोर, इतकी लांब. मी सोप्यात जाऊन अण्णांचा सल्ला विचारला. त्यांनी काकूंसमोर त्या शहराचे असे काही वाभाडे काढले की मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी हळद घेऊन आम्ही दोघं सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो. पोती उतरल्यावर अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"पोरीला पाठव गड्या. तसलं गाव न्हाई कुठं. पयल्या दिवशी समुद्र बगितला, तवा मला बोलायलाच येईना."

माझं डोकं फिरलं. मग काल ते वाभाडे कुणाचे काढलेत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"काल ही बसली हुती की. लगीन झाल्यापासनं समुद्र दाखवा म्हणत हुती. रत्नागिरी काय लांब हाय? पर कवा ऊस तोडीला, कवा पूर. ऱ्हायलंच. आन् मी एकटा तिकडं रोज बाकड्यावर बसून बगत हुतो. चांगला हाय म्हणलं आसतं, तर ती म्हणली आसती, बरं झालं, तुमी तरी बगितला. ते मला ऐकवलं नसतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं. रत्नागिरीला तर गाडीनं जाता येतं, मी म्हटलं, आता न्या की.

अण्णा हळदीच्या पोत्यावर बसले.

"इचारलं गेल्या हप्त्यात. डॉक्टर बी जावा म्हणला. तर ही म्हणती, नगं, तुमी बगितलाय न्हवं, नुसतं खारं पाणी. कशाला उगा तेवढ्यासाठी घाट उतरायचा?" त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "आता त्या बाईला कसं सांगू, मी खोटं बोलत हुतो?"