दिघेसर आणि फालतू वजन

दिघेसरांच्या बहिणीच्या पायातला कॅलिपर माझ्यामुळे मोडला. हे मी आजवर एक माणूस सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मला रस्त्यात खाल्लेली कचोरीही लपवता येत नाही. पण एकदम कॅलिपरवर आलो तर दिघेसर तुम्हाला समजायचे नाहीत. त्यांची ओळख त्यांच्या काट्यापासून करून द्यायला हवी.

सरांच्या खांद्यावरच्या पिशवीत स्प्रिंगचा काटा असतो, रद्दीवाले वापरतात तसला. समोर येईल ती वस्तू ते बोलता बोलता त्याच्या आकड्याला लटकवतात, चष्मा कपाळावर चढवून वजन वाचतात आणि विचारतात, "ह्यात फालतू किती?"

हा प्रश्न त्यांनी माझ्या हेल्मेटला विचारला आहे, लेखा विभागातल्या मॅडमच्या पर्सला विचारला आहे, महाराज बाड्यावरच्या मिठाईच्या दुकानात गजकच्या डब्याला विचारला आहे. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या गळ्यातला हार उतरवून तोलला. सासरच्यांना वाटलं, ग्वाल्हेरच्या मराठी लोकांत ही काहीतरी रीत असेल. सासऱ्यांनी निमूटपणे स्वतःचा फेटाही पुढे केला.

आमच्या विद्यापीठात हलक्या धातूंचं संशोधन केंद्र आहे. सर त्याचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि तिथेच चिकटलो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असले धातू वितळवायचे, त्यांत इतर काही मिसळायचं, आणि वजनाला कमी पण ताकदीला पुरेल असा मिश्रधातू काढायचा, हे आमचं काम. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्यानं आणखी भडकतं, म्हणून दारोदारी वाळूच्या बादल्या ठेवलेल्या असतात. येणारे-जाणारे त्यांत गुटखा थुंकतात. सरांनी वर पाटी लावली: 'इसमें थूकने वाला आग स्वयं बुझाएगा।' थुंकणं थांबलं नाही. पण लोक आता थुंकण्याआधी पाटी वाचतात.

वजन कमी करायची सरांची घरगुती रीत म्हणजे भोकं पाडणं. त्यांच्या स्कूटरच्या ब्रेकच्या पेडलला भोकं आहेत, छत्रीच्या मुठीला आहेत. एकदा त्यांनी जेवणाच्या डब्याच्या झाकणालाही पाडली. दुपारी पिशवी उघडली तर कढी कागदपत्रांवर. "सांडली, ते ठीक," सर म्हणाले, "पण उचलून तर बघ, गजब हलका झालाय."

वार्षिक समारंभात पाहुण्यांना द्यायचं पितळी स्मृतिचिन्ह सरांनी भर स्टेजवर काट्याला लावलं. कुलगुरू दातांतल्या दातांत म्हणाले, "दिघेजी, बाद में तौल लीजिए।"

"बाद में तो सर, ये ले जाएँगे।"

मला बरीच वर्षं हा नुसता छंद वाटायचा. मग एकदा ते मला इंदरगंजला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे घेऊन गेले. कुसुमताई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडानं तिखट. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर. म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी आणि चामड्याचे पट्टे. पट्ट्या उंचीप्रमाणे बदलत गेल्या, लोखंड तेच राहिलं.

"शाळेत जाताना बाळ माझं दप्तर घ्यायचा," ताई म्हणाल्या. बाळ म्हणजे सर. "मग रोज कटकट. ताई, पायातलं पण दे ना, मी घेतो. अरे मूर्खा, ते तुला देऊन मी येऊ कशी?"

सर खिडकीबाहेर बघत होते. काटा पिशवीतच होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केंद्राकडून कारखान्यांना गाड्यांचे भाग हवे असतात. सर मात्र आयुष्यभर एका कॅलिपरचा धातू शोधत होते. अखेर निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा स्वतःचा मॅग्नेशियमचा मिश्रधातू जमला. त्याचा पहिला तुकडा कुठल्या कारखान्यात गेला नाही, ताईंच्या पट्ट्यांसाठी गेला.

"तुझ्या देवघरातल्या पितळी लोट्यापेक्षा हलका करून देतो," सर म्हणाले.

"झाला तर लोटा तुझा," ताई म्हणाल्या.

जुळणीचं काम माझ्याकडे होतं. ह्या धातूला पोलादी स्क्रू थेट लागू द्यायचा नसतो. घाम लागला की स्क्रूच्या भोवतालचा धातू भुगा होऊन झडतो. म्हणून प्रत्येक स्क्रूला प्लॅस्टिकच्या चकत्या आणि नळ्या घालायच्या. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी सगळं नीट घातलं, ताईंना द्यायच्या आदल्या दिवशी तोललं, आणि काटा लोट्याच्या वजनावर येऊन थांबला. तेवढाच. हलका नाही.

सरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी चकत्या आणि नळ्या काढून खिशात टाकल्या. काटा केसभर हलक्याकडे सरकला. चार दिवसांनी परत बसवू, असं मी स्वतःला सांगितलं. एवढ्याशा वजनासाठी हा वेडेपणा आमच्या केंद्राबाहेरचा माणूस करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी लोटा जिंकला. ताई महाराज बाड्यापर्यंत चालत जाऊन आल्या आणि येताना ओळखीच्या प्रत्येक दुकानात पाय दाखवत आल्या. त्यांच्या पायातून कॅलिपर परत कोण मागणार? चार दिवसांचे महिने झाले, उन्हाळा आला, घाम आला, आणि एक दिवस पट्टी गुडघ्याशी मोडली.

सर भोपाळला बैठकीला गेलेले. ताईंनी मला फोन केला. "घाबरू नकोस, पडले नाही. फक्त न ठरवता बसले."

मी पोचलो. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी होती. तीही एवढी, की सरांनी दारातूनच कारण ओळखलं असतं. ताई चहा टाकायला काठी टेकत आत गेल्या. मी भुकटी पुसली, भोकं कानशीनं घासली, चकत्या-नळ्या बसवल्या, आणि मग सरांना फोन केला.

सरांनी मोडलेली पट्टी उलटसुलट पाहिली. मला एक प्रश्न विचारला नाही. केंद्रातल्या दुसऱ्या कुणीतरी स्क्रूबद्दल शंका काढली तर म्हणाले, "जुळणी भालेरावची आहे. तिथे बघायला नको." मग त्यांनी कारखान्याला पाठवायच्या यादीतून स्वतःच्या मिश्रधातूचं नाव काढून टाकलं. ताईंच्या पायात पुन्हा लोखंड आलं.

पण सर स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. धातू ओढून पाहिला, वाकवून पाहिला. प्रत्येक चाचणीत पास. "मशीनवर पास, ताईच्या पायात नापास," ते म्हणत. म्हणजे ताईंच्या चालण्यातच काहीतरी असणार. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी सिटी सेंटरमधल्या फ्लॅटवरून इंदरगंजला जाऊन ताईंना खोलीभर चालवतात, कुठे भार पडतो ते बघतात, आणि जेवून परत येतात.

गेल्या थंडीत मला ते सहन होईना. सर यायच्या आधी मी ताईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे बाळचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही ताई. धातू उत्तम आहे."

"बरं वाटलं." पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "त्याला बोललास?"

"आज बोलतो."

"आज नको."

मला वाटलं, माझी लाज राखतायत. तसं काही नव्हतं.

"भालेराव, तो हलका कॅलिपर चांगला चालत होता तेव्हा ह्याचा महिन्यातून एक फोन यायचा. चालतेस ना? चालते. ठेवतो. आता रोज येतो. बायको वारल्यापासून त्या फ्लॅटमध्ये तो ब्रेड खातो, ठाऊक आहे? नुसतं जेवायला बोलवलं तर म्हणतो काम आहे. काम इथेच असलं की येतो."

"पण हे लोखंड तुमच्या पायात..."

"त्याची सवय आहे मला. एकटीनं जेवायची नाही झाली अजून." मग शेंगांचं ताट सरकवत म्हणाल्या, "होळीपर्यंत थांब. मग सांग त्याला. मी पण सांगेन की काम नसलं तरी येत जा. पण आधी थोडी सवय तर लागू दे त्याला."

तेवढ्यात सर आले. "तू इथे कसा?" एवढंच मला विचारलं आणि कामाला लागले. ताईंना दोनदा चालवलं. मग खाली बसून त्यांनी कॅलिपरचे पट्टे स्वतः सोडले. पोटरीवर जिथे लोखंडाचे वळ उठले होते तिथे ते कोमट तेल लावू लागले, अगदी सावकाश. हा कसला अभ्यास, असं ताईंनी विचारलं तेव्हा "घर्षण" म्हणाले. ताई माझ्याकडे बघून हसल्या. मी चपला घातल्या.

होळी होऊन गेली. ताईंचा दोनदा फोन आला. त्यांनी त्यांचं बोलून टाकलंय, सर आता काम नसतानाही जेवायला येणार आहेत. माझं तेवढं राहिलंय. सर, तुमचा धातू चांगला होता, चूक माझी होती आणि ती मी लपवली. एवढं मी त्यांना सांगणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.