गोजराबाईच्या एकशे ऐंशी घटिकांची हकिकत

आधी नमन तळास भोक असलेल्या तांब्याच्या पात्रास, ज्याच्या कृपेने आम्हास चाकरी लागली. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी विचार-कचेरीत घटिकापात्र एक, उपदेशपोथीची पाने एकवीस, ती रचणारे शास्त्री सात, त्यांत बाळंतपण सोसलेले शून्य, आणि आम्ही कारकून एक, वय तेवीस, गणितात निपुण. सरकारचा हुकूम ऐसा की, जी बाई गर्भ पाडू इच्छिते तिने पोथी ऐकावी आणि कचेरीत तीन दिवस, म्हणजे एकशे ऐंशी घटिका, विचार करावा, मग वैदिणीकडे जावे. आणि तिसरा महिना सरला की मनाई. यावर आम्ही अर्ज केला की, निजलेला मनुष्य विचार करीत नाही, सबब निजेच्या घटिका वजा घालाव्या. सरकार बहुत संतोष पावले आणि आम्हास शेला दिधला.

मग गोजराबाई तांबटीण आली. लेकरे तीन, मागले खेपेस मरता मरता वाचली, आणि मुदतीचे दिवस उरले चार. आम्ही पोथी वाचू लागलो आणि नवव्या पानी प्रसूतीच्या कळांचे वर्णन आले, तो बाई बोलली, "कारकूनदादा, कळ कंबरेतून येते. ही तुमच्या शास्त्र्यांची पोटदुखी दिसते." आम्ही समासात दुरुस्ती केली आणि म्हणालो, "बाई, आता विचार करावा."

"घरून तीन कोस तेच करीत आले."

"तो कचेरीबाहेरला. जमेस धरता येत नाही."

मग बाईने बोटे मोजली. "रोज वीस घटिका निजले तर साडेचार दिवस लागतात. माझ्यापाशी चार. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

आम्ही शेला पाठीशी लपविला.

"मग निजतच नाही," बाई म्हणाली आणि बसली. आम्ही अंगणातील काठीच्या सावलीवर रेघ मारली आणि आम्हीही बसलो, कारण जाग मोजणारा जागा हवा, हे आमच्या गणितात राहिले होते. पात्र बुडे, ते पुन्हा तरंगत ठेवावे आणि बाजूस एक खडा टाकावा, ऐसे चालले. आणि बाई डोळ्यांस पाणी लावी आणि ओव्या म्हणे. शेवटले दुपारी, खडे एकशे एकाहत्तर असता, आमचाच डोळा लागला.

"अहो गणिती, उठा! शेवटल्यांदा पात्र बुडालं." पुढले नऊ खडे बाईच्या हातचे होते. तिचे डोळे लाल होते. "आता पुन्हा बसवता का मला?"

आम्ही अंगणात गेलो. सावली पहिल्या दिवशीच्या रेघेवर होती, म्हणजे बाईचे नऊ खडे खरे. कायद्यात लिहिले होते, खडा कारकुनासमक्ष पडावा. आणि निजलेला कारकून समक्ष नव्हे, ऐसा अर्ज अद्याप कोणी केला नव्हता. मग आम्ही शिक्का मारिला आणि बाई वैदिणीकडे गेली.

एकंदर: घटिका एकशे ऐंशी. बाई जागी एकशे ऐंशी, कारकून एकशे एकाहत्तर. बाईच्या निश्चयात फरक, शून्य.