‘च’चा कायदा

बाळांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. गळ्याशपथ! मी स्वतः तिथे झाडामागे उभा होतो. म्हणजे, झाड नव्हतं. मीही नव्हतो. पण गोष्ट खरी आहे.

एका जंगलात एकच पाणवठा होता आणि एकच न्यायाधीश. ती होती एक हत्तीण. सगळे तिला माई म्हणत.

जंगलाचा कायदा असा होता: ‘जो पाणी गढूळ करील, त्याला न्यायाधीश हद्दपार करू शकेल.’

एकदा रानडुक्कर पाण्यात लोळलं. माईने त्याला समज देऊन सोडलं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा लोळलं! जंगल खवळलं. कोल्हा तिथला प्रधान. त्याने सभा बोलावली आणि कायदा बदलून घेतला. ‘हद्दपार करू शकेल’ खोडलं, ‘हद्दपार करीलच’ लिहिलं.

“प्रधानजी, हा ‘च’ माझ्यासाठी का हो?” माईने विचारलं.

“छे छे, माई! तुमचं स्वातंत्र्य जसंच्या तसं आहे. हुकूम बसून द्या, उभ्याने द्या, सोंड वर करून द्या. कोण अडवतंय?”

“आणि द्यायचाच नसला तर?”

“तेवढं सोडून बोला.”

डुकराला धरायला मात्र कोणी गेलं नाही. ते चावतं.

धरून आणली ती एक सशीण. तिचं पिल्लू पाण्यात पडलं, म्हणून तिने उडी घेतली होती. पिल्लू वाचलं, पाणी गढूळ झालं.

“माई, हद्दीपलीकडे लांडगे आहेत हो,” सशीण म्हणाली. “एवढ्याशा जिवाला घेऊन कुठे जाऊ?”

सगळी सभा रडली. प्रधान सगळ्यात मोठ्याने रडला. मग डोळे पुसत म्हणाला, “फार सुंदर सुनावणी झाली. हं, आता द्या हुकूम.”

“हुकूम तर तुम्ही आधीच देऊन बसलाय. मग मला हे ऐकवलंत कशाला?”

“अहो माई, न ऐकता हाकललं तर अन्याय नाही का होणार?”

माई उठली. “तुमच्या हुकमाला माझं तोंड वापरू नका,” म्हणाली. सशिणीला पिल्लासकट पाठीवर घेतलं आणि सरळ हद्दीपलीकडे चालू लागली. लांडग्यांनी मुकाट्याने वाट सोडली.

मग प्रधानाने न्यायासनावर एक धोंडा आणून ठेवला. धोंडा फार निःपक्षपाती. कोणाच्या दबावाखाली येत नाही. मध्येच प्रश्नही विचारत नाही. जंगलात न्याय कसा झटपट होऊ लागला!

तात्पर्य: ज्याला ऐकू येतं, त्याला न्यायासनावर बसवू नये. उगाच वेळ जातो.

बरं, तुम्ही इतक्या भाबडेपणाने बघताय म्हणून सांगून टाकतो. माई उठली, तेवढं मी रचलं. सशीण पिल्लाला घेऊन एकटीच गेली. धोंडा वेगळा आणावा लागला नाही.