विहिरींच्या पुस्तकाचं लोकार्पण

दोंडाईच्यातल्या एका वाचनालयाने, स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवण्याचा ठराव एकमताने संमत केला. पहिला मान मिळाला गावातल्या ताईबाईंच्या आजोबांनी खानदेशातल्या विहिरींवर लिहिलेल्या पुस्तकाला. त्याची एकच प्रत उरली होती आणि ती ताईबाईंच्या पेटीत होती. त्यात आजीचं नाव आहे असं त्यांनी ऐकलेलं, पण अधू डोळ्यांना ते बारीक अक्षर लागेना. मोबाईलवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, असं ग्रंथपाल कुंदनने सांगितलं, म्हणून त्यांनी काळजावर दगड ठेवून प्रत दिली.

शुभकार्य म्हटल्यावर पूजा आलीच. पुस्तकाला हळदकुंकू लागलं, अध्यक्ष मोतीलालनानांनी नारळ फोडला आणि त्याचं सगळं पाणी थेट विहिरींवर गेलं. पानं चिकटली. पुस्तक गच्चीवर वाळत पडलं; पण पाहुणे येऊन बसले होते, भरीतही तयार होतं. अशा परिस्थितीत लोकार्पण पुढे ढकलण्याची तरतूद नव्हती.

तेव्हा मुखपृष्ठ तेवढं स्कॅन झालं. आतली पानं कोरी बरी दिसेनात, म्हणून तिथे सत्काराचे फोटो लावले: टोपी-टॉवेल देताना नाना, टोपी-टॉवेल घेताना नाना. लिंक फिरली आणि तालुका तुटून पडला. ‘संग्राह्य’, ‘अनमोल ठेवा’, ‘हल्ली कोणी वाचत नाही हो’ असे अभिप्राय आले.

ताईबाई अक्षर मोठं करायला गेल्या, तर नानांची मिशी मोठी झाली. त्या तडक वाचनालयात गेल्या.

“भाऊ, बठ्ठा तुमनाच फोटो शेतस. मना आजान्या इहिरी कोठे गयात?”

“अक्का, एवढ्या लोकांनी पुस्तक घेतलं, एकाची तक्रार नाही,” नाना शांतपणे म्हणाले. “तुम्ही ते वाचायला कशाला गेल्या?”

कुंदनला मात्र लाज वाटली. त्याने चहाच्या वाफेवर एकेक पान सोडवलं आणि फोटोंच्या जागी खरं पुस्तक चढवलं. ताईबाईंना आजीचं नाव सापडलं. त्या दिवशी कुंदनने त्यांच्याकडे पोटाला तड लागेस्तोवर मांडे खाल्ले.

वाचनालयात तक्रारींची रीघ लागली ती यानंतर. आमचे फोटो कुठे गेले, असं जो तो विचारू लागला. अखेर तडजोड झाली. मूळ आवृत्ती आणि वाचकप्रिय आवृत्ती, दोन्ही आज मोफत उपलब्ध आहेत.

त्यातली एक तुमच्याकडेही आलीच असेल, आणि सवडीने वाचू म्हणून तुम्ही जपूनही ठेवली असेल. कोणती आली, ते उघडून बघितलंत का?