मखरातलं ऑफिस

बसल्या जागी स्वप्नात जाण्याची विद्या रघुवीर परबला जन्मतःच अवगत होती. कंपनीने कळवलं की मुंबईचं ऑफिस बंद होतंय. ज्याच्या घरी शांत, स्वतंत्र जागा असेल त्याने घरून काम करावं, बाकीच्यांनी नागपूरला यावं. ऑफिसात सगळे आपापल्या घरातल्या खोल्या मोजायला लागले. रघुवीर मात्र बस सुटून गेली तरी स्टॉपवर उभा राहून आपल्या होम ऑफिसच्या दारावरची पाटी वाचत होता.

"पितळी आहे," घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

"काय?"

"पाटी."

"आधी दार कुठे लावणार ते सांग," मृणालिनी म्हणाली. ती मूळची शिवाजी पार्कची, त्यात शाळेत गणित शिकवणारी. तिच्यासमोर स्वप्नं फार वेळ तरंगत नसत.

प्रश्न रास्त होता. लालबागची चाळ पाडून बिल्डरने टॉवर उभा केला आणि त्यात परबांना जे मिळालं त्याला निव्वळ सौजन्य म्हणून फ्लॅट म्हणायचं. हॉलमध्ये दोन माणसं समोरासमोर आली की एकाने सोफ्यावर बसून दुसऱ्याला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियम होता. बेडरूममध्ये टेबल ठेवलं तर कपाट उघडेना. बाल्कनीत ठेवलं तर वरच्यांच्या धुण्याचं पाणी थेट कीबोर्डवर. (बाथरूमचाही विचार झाला होता. तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.)

नागपूर काही वाईट नव्हतं. पण आई लालबाग सोडणार नव्हती, मृणालिनीची शाळा दादरला, म्हणजे जायचं ते रघुवीरने एकट्याने. या विचाराने त्याला खरोखर रडू येई. मग तो डोळे पुसून पुन्हा पाटी वाचायला लागे.

आणि एका संध्याकाळी त्याला माळ्यावर गणपतीचं मखर दिसलं. भाद्रपदात त्याने स्वतः प्लायवूडचं केलेलं. मागे निळा मखमली पडदा, वर कमान, कमानीत पिवळे दिवे. हॉलमधल्या गणपतीच्या कोपऱ्यात ते उभं केलं तर आत टेबल-खुर्ची नेमकी बसली. त्याने दिवे लावले आणि तो हरवलाच. निळ्या मखमलीत कुठेतरी दूर फोन वाजत होता, कुणीतरी न सांगता चहा आणून ठेवत होतं, समोर समुद्र हळूहळू सोनेरी होत होता. (परबांच्या घरातून समुद्र दिसत नाही. मध्ये बाकीचे टॉवर येतात.)

"मखरात माणूस बसना नाय, झिला. सांगून ठेवतंय," आई म्हणाली.

"आई, हे पार्टिशन आहे गं."

"मगे बस पार्टिशनात. बाप्पा बघता हा."

जागा तपासायला नागपूर ऑफिसच्या प्रमुख आकांक्षा मॅडम व्हिडिओ कॉल करणार होत्या. मॅडम वयाने रघुवीरपेक्षा लहान, पण त्यांचा आवाज ऐकला की रघुवीर घरातल्या घरात उभा राही. नेमकी त्याच दिवशी माघातली गणेश चतुर्थी होती, हे आपल्या स्वप्नाळू नायकाच्या गावीही नव्हतं. आई सिद्धिविनायकाच्या रांगेत, मृणालिनी शाळेत. त्याने मखरातले दिवे लावले, धूळ नको म्हणून उघडून ठेवलेल्या लॅपटॉपवर लाल रुमाल टाकला आणि इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेला. दार सताड उघडं होतं. चाळ जाऊन टॉवर आला, पण दार लावायची सवय काही आली नव्हती.

समोरच्या रमाबाई दारावरून जाताना थबकल्या. माघी चतुर्थी, उजळलेलं मखर आणि आत लाल रुमालाने झाकलेलं काहीतरी. पूजा होईपर्यंत मूर्तीचं तोंड झाकून ठेवतात, हे लालबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परबांनी माघी गणपती आणला, आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही! त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग दोन्ही हात जोडले आणि मजला गोळा करायला निघाल्या.

इकडे रघुवीर कानाला हेडफोन लावून मखरात विराजमान झाला.

"जागा शांत आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"हिमालय, मॅडम." त्याचे डोळे अर्धवट मिटले. "कधी कधी तर स्वतःचा श्वास ऐकू येतो."

तेवढ्यात त्याच्या मांडीवर जास्वंदीचं फूल पडलं.

दारापासून सोफ्यापर्यंत माणसं उभी होती. नारळ, दूर्वा, टाळ, सगळा सरंजाम. रमाबाईंचा आ वासलेला.

"अरे रघू, तू हयसर काय करतंस? बाप्पा खंय?"

गप्प राहा, असं सांगायला रघुवीरने उजवा तळहात उंचावला. फूल वाहणाऱ्या दगडूकाकांना मोतीबिंदू. त्यांना फक्त पिवळा उजेड, वर केलेला हात आणि (आता लपवायचं कशाला) पोट दिसलं. त्यांनी भक्तिभावाने खणखणीत आरती सुरू केली. आणि सुरू झालेली आरती मध्येच तोडायची नसते. आधी एक टाळ वाजला, मग सगळेच. शेवटी रमाबाईंनीही आवाज मिसळला.

रघुवीर हात तसाच धरून बसला. आज त्याच्या स्वप्नात पहिल्यांदाच नागपूरचं स्टेशन आलं. त्यावर तो बॅग घेऊन एकटाच उभा होता.

आरती संपली तेव्हा त्याने भीत भीत स्क्रीनकडे पाहिलं. मॅडम उभ्या होत्या, हात जोडून.

"मी गिरगावची," त्या नाक पुसत म्हणाल्या. "आज आमच्या घरी गणपती असतो. यंदा मी कुणालाच रजा दिली नाही, मग स्वतः तरी कुठल्या तोंडाने घेणार?" मग त्यांनी समोरचा फॉर्म ओढला. "परब, तुमची जागा अजिबात शांत नाही."

"नाही, मॅडम."

"पण तिथून तुम्हाला उठवायचं पाप मला नको. मंजूर."

ते पाप संध्याकाळी आईने केलं.

"आरती झाली त्या मखरात? मगे ता आता रिकामा ठेवूचा नाय. ऊठ!"

देव्हाऱ्यातला पितळी गणपती मखरात गेला. (ऑफिसात पितळ येणार होतंच. पाटीचं येईल असं वाटलं होतं.) रघुवीरचं टेबल ओट्याला टेकलं, एका कानाशी कुकर, दुसऱ्या कानाशी मिक्सर. पाठीमागे मात्र तो निळा-सोनेरी कोपरा झगमगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगला स्क्रीनवर सगळं नागपूर ऑफिस जमलं. रघुवीर दिसताच एकजात सगळ्यांनी हात जोडले, दोघा-तिघांनी तर डोळे मिटले. रघुवीरला भरून आलं. घरून काम करणाऱ्याला एवढा मान! त्यानेही सावकाश, मोठ्या अदबीने हात जोडले.

"परब," मॅडम म्हणाल्या, "जरा बाजूला सरका. दर्शन होत नाहीये."